बासरीची बोटे फाइफवर कशी बसवावीत?

जयंतीची मिरवणूक असो, शाळेचे संचलन असो किंवा २६ जानेवारीचे ध्वजवंदन असो, ढोल-ताशाबरोबर बासरीचा सूर मिसळला की त्या पथकाला वेगळीच शोभा येते. लोणावळा, कार्ले, कामशेत, वडगाव, तळेगाव या भागातील मुले-मुली अशा पथकांत उत्साहाने सामील होतात. त्यांतील काहींना बासरी आधीच येत असते. कोणी आजोबांकडून पावा शिकलेला असतो, तर कोणी जत्रेत घेतलेल्या बांबूच्या बासरीवर स्वतःच गाणी बसवलेली असतात. अशा मुलाच्या हाती पथकातील फाइफ दिली जाते, आणि काल सफाईने वाजवणारा तोच मुलगा आज चुकू लागतो. शिकवणारे म्हणतात, "तुझी बोटे चुकीची आहेत." मुलगा खट्टू होतो. काही जण पथक सोडून ताशाकडे वळतात, तर काही घरी बसतात.

आमच्या मते यात मुलाची बोटे चुकीची नसतात. त्याचा ‘सा’ वेगळ्या जागी असतो, इतकेच. हा फरक कोणी समजावून सांगितला, तर एका आठवड्यात बोटे फाइफवर बसू शकतात. आधी शिकलेली विद्याही वाया जात नाही. विद्यार्थी मित्रांना व त्यांना शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांना उपयोगी पडावा म्हणून हा पाठ देत आहोत.

१. फाइफ म्हणजे काय?

फाइफ ही आडवी धरून वाजवायची लहान बासरी होय. तिचे नाव जर्मन भाषेतील शिट्टी या अर्थाच्या ‘फायफे’ या शब्दावरून आले. पंधराव्या-सोळाव्या शतकांत स्वित्झर्लंडच्या पायदळाने ढोल व फाइफ ही जोडी युरोपभर नेली. पुढे ती इंग्रजी पलटणींत शिरली, आणि पलटणींच्या वाद्यवृंदांच्या धर्तीवर आपल्याकडील शाळांच्या बँड पथकांतही बासरी-फाइफची प्रथा रुजली.

पथकातील नेहमीची फाइफ साधारण १५ ते १७ इंच लांब असते. नळी अरुंद, फुंकरीचे भोक लहान आणि बोटांची भोके सहा. लाकूड, धातू किंवा प्लास्टिक यांपैकी कशाचीही ती असू शकते. आपली बांबूची साधी बासरीही आडवी व सहा भोकांचीच. म्हणजे दोन्ही वाद्ये सख्ख्या बहिणींसारखी आहेत. मग अडचण कुठे येते? ती नळीत नसून आपल्या हिशेबात आहे.

२. एकच नळी, दोन हिशेब

भोके नेहमी फुंकरीकडून मोजावीत. फुंकरीच्या जवळचे पहिले आणि शेवटचे सहावे. खाली बंद भोकासाठी ● आणि उघड्या भोकासाठी ○ अशी खूण वापरली आहे.

आपल्या हिंदुस्थानी बासरीत वरची तीन भोके बंद केली की ‘सा’ धरतात. पथकाच्या फाइफवर मात्र सहाही भोके बंद केली की ‘सा’ धरतात. नळी तीच, भोके तीच, परंतु स्वरांची नावे बदलतात:

●●●●●● — बासरीच्या रीतीने प, फाइफच्या रीतीने सा
●●●●●○ — बासरीच्या रीतीने ध, फाइफच्या रीतीने रे
●●●●○○ — बासरीच्या रीतीने नी, फाइफच्या रीतीने ग
●●●○○○ — बासरीच्या रीतीने सा, फाइफच्या रीतीने शुद्ध म
●●○○○○ — बासरीच्या रीतीने रे, फाइफच्या रीतीने प
●○○○○○ — बासरीच्या रीतीने ग, फाइफच्या रीतीने ध
○○○○○○ — बासरीच्या रीतीने तीव्र म, फाइफच्या रीतीने नी

आता पथकात काय घडते ते पाहा. गुरुजींनी ‘सा’ म्हटले. दहा मुलांनी सहाही भोके बंद केली. बासरी शिकलेल्या अकराव्या मुलाने सवयीने तीनच बंद केली. त्याचे गाणे आतून पूर्ण सुरात आहे, पण ते इतरांच्या ‘म’ वरून सुरू झाले आहे. सगळे गाणे संपेपर्यंत तो बाकीच्यांच्या वर चार स्वर चालत राहतो. ऐकणाऱ्याला ते बेसूर वाटते. वास्तविक तो बेसूर नाही. तो दुसऱ्या घरातून निघाला आहे.

३. ‘काळी दोन’ की ‘बी फ्लॅट’?

वाद्य विकत घेतानाही हाच घोटाळा होतो. बासरी विकणारे पेटीच्या पट्टीवरून नाव सांगतात: पांढरी एक, काळी दोन, काळी चार इत्यादी. ते नाव तीन भोके बंद असतानाच्या ‘सा’चे असते. बँडवाले फाइफला ‘बी फ्लॅट’ म्हणतात. ते नाव सहाही भोके बंद असतानाच्या स्वराचे असते. बी फ्लॅट म्हणजे पेटीवरची काळी पाच.

आता बी फ्लॅट फाइफची वरची तीनच भोके बंद करून वाजवा आणि पेटीशी ताडून पाहा. तो स्वर काळी दोनशी जुळेल. म्हणजे एकच वाद्य बँडवाल्याच्या भाषेत ‘काळी पाच’चे आणि बासरीवाल्याच्या भाषेत ‘काळी दोन’चे ठरते. दोघेही खरेच बोलतात. म्हणून पथकासाठी वाद्ये आणताना नुसते नाव सांगून भागत नाही. सहाही भोके बंद केल्यावर पेटीची कोणती पट्टी हवी, हे स्पष्ट सांगावे आणि दुकानातच वाजवून घ्यावे. शोभेच्या बासऱ्यांची भोके पुष्कळदा सारख्या अंतरावर व सारख्या आकाराची पाडलेली असतात. त्या दिसायला छान असल्या तरी त्यांचे स्वर जुळत नाहीत. अशा बासरीवर मूल चुकले तर दोष बासरीचा असतो, मुलाचा नव्हे.

४. बोटे मोजण्याची सोपी युक्ती

स्वरांच्या नावांनी गोंधळ होत असेल, तर काही दिवस नावे बाजूला ठेवून बंद भोकांची संख्या म्हणावी. फाइफवर सरळ सप्तक असे येते: सहा, पाच, चार, तीन, दोन, एक, शून्य. बासरीवर ते असे येत होते: तीन, दोन, एक, शून्य आणि पुन्हा सहा, पाच, चार.

या दोन ओळी शेजारी ठेवल्या की नियम आपोआप दिसतो. ‘सा, रे, ग, म’ या स्वरांसाठी पूर्वीपेक्षा तीन बोटे जास्त ठेवायची, आणि ‘प, ध, नी’ या स्वरांसाठी पूर्वीपेक्षा चार बोटे कमी करायची. उदाहरणार्थ, ‘रे’ला पूर्वी दोन बोटे होती, आता पाच. ‘ध’ला पूर्वी पाच होती, आता एक. सगळे गाणे या एका नियमाने बदलून घेता येते.

दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट फुंकरीची. बासरीवर ‘म’ कडून ‘प’ कडे जाताना सगळी बोटे एकदम खाली येतात आणि फुंकर जोराची करावी लागते. फाइफवर हा उंबरठा ‘नी’ आणि वरचा ‘सा’ यांच्यामध्ये येतो. ज्याचा श्वास जुन्या जागी जोर करायला शिकला आहे, तो फाइफवर ‘म-प’ला उगाच जोर करतो आणि स्वर फाटतो. त्यामुळे बोटांबरोबर श्वासालाही नवी जागा शिकवावी लागते. फाइफवर वरचा ‘सा’ घेताना पहिले बोट उचलून ○●●●●● असे धरले तर स्वर लवकर व स्वच्छ निघतो.

५. अर्धे भोक आणि आडवी बोटे

बासरीवर शुद्ध ‘म’ काढायला पहिले भोक अर्धे झाकावे लागते. नवशिक्यांना तेच सर्वांत अवघड जाते. फाइफवर शुद्ध ‘म’ तीन भोके बंद करून सरळ मिळतो. मग अर्ध्या भोकाची ती मेहनत फुकट गेली का? मुळीच नाही. पहिल्या भोकाचे तेच अर्धे झाकणे फाइफच्या हिशेबात कोमल ‘नी’ देते. ज्याने बासरीवर शुद्ध ‘म’ पक्का केला आहे, त्याच्या हाती फाइफचा कोमल ‘नी’ आधीच तयार असतो.

फाइफवर मधले स्वर काढण्याची आणखी एक रीत आहे. एक भोक उघडे ठेवून त्याच्या खालची भोके झाकायची. याला आपण ‘आडवी बोटे’ म्हणू. नेहमी लागणारी तीन अशी:

कोमल नी ○●●○○○
तीव्र म ●●○●●○
कोमल ग ●●●●○●

ही रीत फाइफवर चालते, कारण तिची भोके लहान असतात. लहान भोकातून हवा पूर्ण मोकळी होत नाही. म्हणून खालची भोके झाकली की वरचा स्वर थोडा उतरतो. मोठ्या बासरीची भोके मोठी असतात, तेथे असे झाकून फारसा फरक पडत नाही. म्हणून तेथे अर्ध्या भोकाचीच रीत आहे. प्रत्येक फाइफ थोडी वेगळी असते. त्यामुळे वरील बोटे पेटीशी ताडून पाहावीत आणि जो स्वर जुळेल तो आपला समजावा. कागदापेक्षा कान मोठा.

६. ओठ, श्वास आणि हवामान

बांबूच्या बासरीवरून आलेला मुलगा फाइफवर प्रथम फक्त हवा काढतो, आवाज येत नाही. याचे कारण फुंकरीचे भोक लहान असते. ओठांची फट बारीक करावी, हवेची धार भोकाच्या पलीकडच्या काठावर पडेल असे वाद्य किंचित आत-बाहेर फिरवावे. जोर लावू नये. फाइफचे खालचे सप्तक मुळातच हलके असते. मोकळ्या रस्त्यावर ऐकू जाणारा आवाज वरच्या सप्तकांत असतो. म्हणून खालच्या सप्तकात बोटे पक्की करावीत आणि मग संचलनाचे गाणे वर न्यावे. दुसऱ्या सप्तकाच्याही वर गेल्यास बोटांची मांडणी बदलते. तो पुढचा धडा आहे. नवशिक्यांनी त्याची घाई करू नये.

मोठ्या बासरीवर काही जण बोटे सपाट ठेवून पेराच्या मऊ भागाने भोके झाकतात, कारण भोके दूर-दूर असतात. फाइफची भोके जवळ-जवळ आहेत. येथे बोटांची टोके थोडी वाकवून ठेवावीत. भोक घट्ट दाबू नये, फक्त पूर्ण झाकावे. घट्ट दाबलेले बोट उशिरा उठते. तथागतांनी सोण या भिक्षूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तार अति ताणलेली नको, अति सैलही नको. बोटांनाही तोच नियम लागू पडतो.

आपल्या भागाचे हवामानही ध्यानात घ्यावे. लोणावळ्याच्या पावसाळ्यात बांबू ओल धरतो आणि उन्हाळ्यात कोरडा पडून तडकतो. त्याला अधूनमधून तेलाचे बोट फिरवावे व वाजवून झाल्यावर आतून कोरडे पुसावे. धातूची किंवा प्लास्टिकची फाइफ तडकत नाही, पण थंडीत तिचाही सूर उतरतो. हवा गार असली की आवाजाचा वेग कमी होतो आणि स्वर खाली येतो. २६ जानेवारीच्या सकाळी पथक उभे राहण्याआधी सर्वांनी पाच मिनिटे नळीत ऊब भरावी, आवाज न काढता हळू श्वास सोडावा, आणि मगच सूर जुळवावा.

७. डावी की उजवी बाजू?

साध्या सहा भोकांच्या बासरीची भोके एका रेषेत असतात. त्यामुळे ती उजवीकडे धरली काय किंवा डावीकडे धरली काय, वाजते. रानात एकट्याने वाजवणाऱ्याला याचा प्रश्नच येत नाही. पथकात मात्र सर्वांच्या फाइफ एकाच बाजूला असाव्या लागतात, नाहीतर शेजाऱ्याच्या खांद्याला लागते आणि रांग विस्कटते. सर्वसाधारणपणे वाद्य उजवीकडे, डावा हात फुंकरीजवळ व उजवा हात टोकाकडे अशी पद्धत आहे. काही फाइफना करंगळीसाठी चावी असते. तेथे तर बाजू बदलताच येत नाही.

डावीकडे धरणाऱ्या मुलाला दोन्ही गोष्टी एकदम बदलायला लावू नये. प्रथम त्याने आपल्या सवयीच्या बाजूने नवा ‘सा’ पक्का करावा. दोन-तीन दिवसांनी बाजू बदलावी. एका वेळी एकच नवी गोष्ट असली तर हात गोंधळत नाही.

८. सहापेक्षा जास्त भोके असतील तर

काही फाइफना दहा भोके असतात, तर काही प्लास्टिकच्या फाइफना मागे अंगठ्याचे भोक असते. ते पाहून घाबरू नये. जादा भोके बहुधा कोमल-तीव्र स्वर सोपे करण्यासाठी असतात. अशा वेळी नव्या वाद्याला तीन प्रश्न विचारावेत. सगळी भोके बंद केली की कोणता स्वर येतो? खालून एकेक भोक उघडत गेल्यास सरळ सप्तक कोठे मिळते? आणि कोणते भोक उघडल्याने फक्त अर्धा स्वर चढतो? या तीन उत्तरांत त्या वाद्याचा बहुतेक नकाशा हाती येतो.

भोके वाढवण्याचे काम आपल्याकडेही झाले आहे. पं. पन्नालाल घोष यांचा जन्म १९११ साली बारिसाल येथे झाला व १९६० साली ते निवर्तले. त्यांनी चित्रपटसृष्टीच्या निमित्ताने मुंबईत बराच काळ घालवला. रागसंगीतासाठी त्यांनी सुमारे ३२ इंचांची मोठी बासरी वापरात आणली आणि तीव्र मध्यमासाठी सातवे भोक पाडले. पुण्याचे पं. केशव गिंडे हे त्यांच्याच परंपरेतले. त्यांनी स्वरांची मर्यादा वाढवण्यासाठी ‘केशव वेणू’ घडवली. लहान बासरीवर तयार झालेल्या हातांना या मोठ्या वाद्यांवर नव्याने जागा शोधाव्या लागल्या. तेव्हा बोटे बदलणे हे कमीपणाचे लक्षण नव्हे. या विद्येच्या थोर उपासकांनीही ते केले आहे.

परके वाद्य आपलेसे करणे आपल्या भूमीलाही नवे नाही. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या उत्तर तोरणावर परदेशी वेषातील माणसे जोडपावा व शिंगे वाजवीत स्तूपाला वंदन करताना कोरलेली आहेत. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटच्या यवनांच्या दानाचे लेख आहेत, आणि भाज्याच्या विहारात वाद्य वाजवणारी व नृत्य करणारी स्त्री एकत्र कोरलेली दिसते. मावळच्या घाटवाटेने माणसे आली, त्यांच्याबरोबर कलाही आल्या आणि येथे मुक्काम करून राहिल्या.

९. एका आठवड्याचा अभ्यास

रोज वीस मिनिटे पुरेत. मात्र खंड पडू देऊ नये.

पहिला दिवस: बोटे न लावता फुंकर. मग सहाही बंद करून एकच लांब स्वर. स्वर येत नसेल तर एखादे भोक कोठे उघडे राहते ते पाहावे.

दुसरा दिवस: सहा, पाच, चार, तीन. वर आणि खाली, अगदी संथ. तोंडाने संख्या मनात म्हणावी.

तिसरा दिवस: पूर्ण सप्तक शून्यापर्यंत. आता संख्येऐवजी सरगम म्हणावी.

चौथा दिवस: ‘नी’ वरून वरच्या ‘सा’ला जाण्याचा सराव. श्वासाचा जोर फक्त येथेच.

पाचवा दिवस: सारेग, रेगम, गमप असे पलटे. ‘म-प’ला जोर होत नाही ना, याकडे लक्ष द्यावे.

सहावा दिवस: बासरीवर येणारे एक सोपे गाणे संख्येच्या नियमाने बदलून फाइफवर वाजवावे.

सातवा दिवस: तेच गाणे प्रथम जुन्या बासरीवर, लगेच फाइफवर, पुन्हा बासरीवर. ही अदलाबदल न चुकता जमली की दोन्ही हिशेब डोक्यात वेगळे राहिले असे समजावे.

हा सातवा दिवस आम्ही मुद्दाम ठेवला आहे. फाइफ आली म्हणून बासरी विसरायची नाही. दोन भाषा येणारा माणूस जसा घरी मावळी बोलतो आणि कचेरीत प्रमाण मराठी बोलतो, त्याच्या मनात गोंधळ होत नाही, तसेच हे आहे.

१०. शिकवणाऱ्यांना विनंती

नवे मूल पथकात आले की "तुला काही येते का?" असे विचारून थांबू नये. "तू ‘सा’ कोठून धरतोस?" असे विचारावे. त्याने तीन बोटे ठेवली, तर त्याला हिशेब समजावून सांगावा. ज्या मुलाने गुरांमागे किंवा घराच्या पडवीत बसून कोणाच्याही मदतीविना स्वर शोधले, त्याचा कान तयार झालेला असतो. तयार कान ही पथकाची ठेव आहे. सर्वांसमोर "चूक" म्हटल्याने ती ठेव आपण घालवतो. पथकात फाइफ कमी असतील आणि मुले जास्त, तर संख्येचा अभ्यास काठीवर किंवा पेन्सिलीवर बोटे ठेवूनही करता येतो. वाद्य परवडत नाही म्हणून कोणत्याही मुलाने मागे राहू नये.

आपल्या समाजातील मुलांनी जे वाद्य हाती येईल ते समजून घेऊन वाजवावे. समजून घेण्याची सुरुवात प्रश्नापासून होते. नवी फाइफ हाती आली की आधी सहाही भोके झाकावीत, एक लांब फुंकर मारावी, आणि तिचा ‘सा’ कोठे आहे ते तिलाच विचारावे. त्याचे उत्तर मिळाले की पुढची बोटे आपली ओळखीचीच आहेत.